न ऐकलेलं सुतक

विश्राम,

ते पुस्तक मी परवा संपवलं. एकशे चाळिसाव्या पानावर आपण थांबलो होतो. उरलेली बेचाळीस पानं वाचनालयाच्या पडवीत तुझ्या खुर्चीसमोर बसून मोठ्याने वाचली. मनात वाचायची सवय तू मला लागूच दिली नाहीस. सातवी शिकलेल्या माणसाचे वाचताना ओठ हलतात, म्हणून मी लाजायचो, तर तू म्हणालास, "हलतत तर आवाज पण काढ, म्हणजे माका आयकाक येतला." तेव्हा तुझे डोळे चांगले होते. पुढे काचबिंदूने ते नेले आणि माझा आवाज खरंच तुझ्या कामाला आला. परवा ऐकायला कोणी नव्हतं. एका ओळीला हसू आलं, मी थांबलो, आणि तू हसशील म्हणून वाट बघितली. मग पुढे वाचलं.

वाचनालय तुझ्यावर छोटा अंक काढतंय. माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. कणकवलीच्या शाळेत तू किती वर्षं शिकवलंस, वाचनालयाचं छप्पर कसं उभं राहिलं, हे दुसरे लिहितील. मी तुझा चुलतभाऊ, लहानपणापासून एका अंगणातला. मला जे लिहायचं आहे ते दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही, कारण ते दुसऱ्या कोणाला माहीतच नाही. म्हणजे एका बाईला माहीत आहे, पण तिचं कोणी ऐकलं नाही. ते माझ्यामुळे.

आधी पुस्तकाचं सांगतो. तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तुला सांगितलं की हल्ली लोक वर्षाच्या सुरुवातीला स्वतःशी पैज लावतात, बारा महिन्यांत बारा प्रकारची पुस्तकं. तू त्याला हसलास आणि दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात बारा चिठ्ठ्या घालून पडवीत येऊन बसलास. "सत्तर वर्सा मिळात ता वाचला. आता एक वरीस तरी नेमान वाचूया."

"पैज कोणाशी?" मी विचारलं.

"आपली आपल्याशी. हरलंव तर कोणाक कळाचा नाय."

प्रवासवर्णन झालं, एका बाईंचं आत्मचरित्र झालं, आपल्या जन्माआधी छापलेलं एक झालं. प्रत्येकाखाली तू सांगायचास आणि मी वहीत एक ओळ लिहायचो. "लेखक हिमालयात गेला पण डोळे चहाच्या कपात." मी म्हटलं असं लिहू नये, कोणी वाचलं तर. तू म्हणालास, "तो हिमालयातसून हयसर मारूक येवचो नाय."

श्रावणातली चिठ्ठी निघाली ती अशी: सुट्टीत घडणारी कादंबरी, हसवणारी, पण आत मरण हवं. ही अट तुझीच. मी कपाळाला हात लावला. तू तीन दिवस कपाटं उपसायला लावलीस आणि देणगीत आलेल्या गठ्ठ्यातून हे मिळालं. पुठ्ठा गेलेला, पहिली दोन पानं गेलेली, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. टाइप मोठा होता म्हणून मी खूश झालो.

दिवाळीच्या सुट्टीत एक कुटुंब डोंगरावर बंगला भाड्याने घेतं. आई, बाप, दोन मुलगे, थोरल्याची बायको आणि बापाचा अविवाहित काका. पहिल्या पहाटे काका माडीवर झोपेत जातो. प्रथम बघतो धाकटा मुलगा. सांगितलं तर सुतक, सुट्टी संपली. तो दार ओढून खाली येतो आणि म्हणतो, काका झोपलेत. तासाभराने सून चहा घेऊन वर जाते, बघते, खाली येऊन म्हणते, चहा घेतला त्यांनी. चहा तीच जिन्यात पिऊन टाकते. मग बाप, मग आई, मग थोरला. पाचही जणांना एकेक करून कळतं, आणि पाचही जण दुसऱ्याला कळू नये म्हणून जपतात. रोज कोणीतरी फराळाची ताटली घेऊन वर जातो आणि रिकामी ताटली घेऊन खाली येतो. तिसऱ्या दिवशी आई म्हणते, काकांना इथली हवा मानवली, भूक वाढली त्यांची. तेव्हा तू इतका हसलास की खुर्चीचा हात धरावा लागला.

"लिवणारो आपल्या भावकीतलोच दिसता," तू म्हणालास.

हा अंक बाहेरगावची मुलंही वाचतील, म्हणून एवढं लिहून ठेवतो. भावकीत कोणी गेलं की दहा दिवस सुतक, आणि सुतकात आपण गणपती बसवत नाही. पण सुतक लागतं ते ऐकल्यावर. कानावर आलं नाही तोवर माणूस मोकळा. म्हणून सणाच्या तोंडावर बातमी दाबून ठेवायची चाल आपल्याकडे आहे. सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. तुला ते पुस्तक एवढं जवळचं वाटलं ते त्यामुळेच.

एकशे चाळिसाव्या पानावर मी तुला म्हटलं, "हेंचा चुकताहा. कोणाक तरी कळवक होया होता."

"काय चुकला?" तू म्हणालास. "काका गेलो. तेचा काय बिघाडला? पोरांनी चार दिस लाडू खाल्ल्यानी."

"कोणाक तरी तेच्यासाठी रडूचा असतला."

"कोणाक? काकाक होतो कोण? ना बायको, ना भाऊ." आणि मग तुझं हसू थांबलं. पंचाने तू डोळे पुसलेस. हसून आलेलं पाणी होतं ते आधी. "मधूच्या वेळेक तिनां तसाच केल्यान," तू म्हणालास. "पाच दिस दाबून ठेवल्यान. ही माणसा निदान फराळासाठी करतत. तिनां कित्याक केल्यान, ता माका आजून कळाक नाय."

ती म्हणजे सुनंदा. तुझ्या सख्ख्या धाकट्या भावाची, मधूची बायको.

दुपारचे चार वाजले होते. पडवीत आपण दोघंच. तू माझ्यापासून हातभर अंतरावर, तोंड माझ्या आवाजाच्या दिशेने वळवलेलं. एवढी सरळ वाट मला एकतीस वर्षांत मिळाली नव्हती. मी म्हटलं, "डोळे चुरचुरतत. उद्या वाचूया."

तू म्हणालास, "तुझे पण गेले तर आपणां दोघांका वाचून दाखवतलो कोण?"

दुसऱ्या दिवशी मी सर्दीचं निमित्त केलं. मग पावसाचं. मग मुलाकडे काम आहे म्हणालो. तू दोनदा निरोप धाडलास, काकाचं काय झालं म्हणून. नवव्या दिवशी सकाळी तुझ्या नितीनचा फोन आला की बाबा उठलेच नाहीत.

आता ते सांगतो.

तेव्हा वाडीत फोन एकच, माझ्या दुकानात. मुंबईच्या प्रत्येक घरात तो नंबर लिहिलेला. साधा निरोप असला तर मी चिठ्ठीवर लिहून ठेवायचो, येणारा-जाणारा नेऊन पोचवायचा. मरणाचा असला तर चिठ्ठी नाही. दुकानाच्या फळ्या लावायच्या आणि स्वतः चालत जायचं, हा माझ्या वडलांचा नियम. हा बापू, म्हणजे मी, फळ्या लावून भर दुपारी रस्त्याने चालताना दिसला की बायका अंगणात उभ्या राहायच्या, कोणाच्या दारात वळतो ते बघायला.

त्या वर्षी थोरल्या घरातल्या, भावकीच्या सामायिक गणपतीची पाळी माझी होती. भावकीत नऊ घरं, नऊ वर्षांनी एकदा पाळी येते. माझी बायको कमल वर्षभराच्या आजारातून उठली होती आणि तिने बोलून ठेवलं होतं की ह्या पाळीला पाचही दिवस सगळं आपल्या हाताने करीन. मुंबईची माणसं आली होती. मूर्ती दुपारच्या आधीच घरात आली होती, पाटावर, तोंडावर रुमाल. मधू आला नव्हता. त्याला कावीळ झाली होती.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला फोन वाजला. सुनंदा होती. ती रडत नव्हती. "भावोजी, हे सकाळी गेले. दादांका सांगा. ते येईपर्यंत आमी ठेवतंव." मी म्हटलं, "आत्ताच जातंय."

आणि मी गेलोही, विश्राम. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. फळ्या लावल्या आणि निघालो. थोरल्या घराच्या ओसरीत तू स्टुलावर उभा होतास, गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधत होतास. रानातली फळं आणि पानं खालून कमल तुझ्या हातात देत होती. तू वरून मला बघितलंस. हातातला कवंडळाचा घोस तसाच राहिला.

"दुकान बंद करून इलंस?" तू म्हणालास. "कोण गेला?"

सगळे थांबले. कमलने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातांना हळद लागली होती. वर्षभराने ती अशी उभी होती.

मी म्हटलं, "कोण नाय. माटवी बघूक इलंय."

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, शिरा पडांदे तुझ्या चालण्यार, जीव गेलो माझो. तू पुन्हा वर वळलास आणि म्हणालास, "बघ मगे. आणि तो दोरो दी हयसर." मी दोरा दिला.

मी मनात ठरवलं की ज्याने ऐकलं त्यालाच लागतं. ऐकलं मी एकट्याने. तर सुतक मी एकटा पाळीन आणि बाकी सगळे मोकळे राहतील. माझ्या कंबरेत उसण भरली असं मी सांगितलं. मूर्तीला हात लावला नाही, जमिनीवर चटई टाकून एका कोपऱ्यात निजलो, गोड खाल्लं नाही. पाळी माझी आणि मी आडवा. तेव्हा पूजेला बसवायचं कोणाला? तुलाच सगळ्यांनी बसवलं. मी काही बोललो नाही. बोलायचं कसं? सोवळं नेसून तू माझ्यासमोरून गेलास आणि म्हणालास, "नव वर्सा वाट बघलंस आणि पाळी इल्यार कंबर मोडून बसलंस. तुझी पाळी पण आमीच खेचूची."

गाऱ्हाणं तूच घातलंस. सगळी भावकी हात जोडून उभी. मी भिंतीला धरून उठलो होतो, न उठणं बरं दिसलं नसतं. तू म्हणालास, "बा देवा म्हाराजा, आमचो मधू मुंबयेक आजारान निजलो आसा. तेका बरो कर. फुडल्या चवतीक तेका तुझ्या फुड्यात आणून उभो कर, म्हाराजा." आणि सगळ्यांनी म्हटलं, "होय म्हाराजा." मीही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तू कोमट तेल घेऊन आलास आणि माझी कंबर चोळलीस. बळेच पालथं केलंस मला. तू मास्तर असूनही तुझ्या बोटांना जोर होता. "खंय दुखता ता तरी सांग," म्हणत होतास. मी कुठेही सांगितलं. चोळता चोळता तू मधूच्या लहानपणाच्या गोष्टी सांगितल्यास. तो माडावर चढला आणि उतरायला भ्यायला, त्याची. मी तोंड चटईत घालून ऐकली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी विसर्जन झालं. खाडीवरून परत आल्यावर ओल्या कपड्यांनी मी दुकान उघडलं, पाच मिनिटं आत उभा राहिलो, फळ्या लावल्या आणि तुझ्या दारात आलो. ह्या वेळी तू काही विचारलं नाहीस. माझ्या तोंडाकडे बघूनच खाली बसलास. मी म्हटलं, "आता फोन इलो. मधू गेलो."

"कधी?"

"चवतीच्या आदल्या दिसा."

"आणि आज सांगतत?"

मला वाटलं होतं, सुनंदाला आधी एकटीला गाठून समजावीन, चाल आहे ती, तीही समजेल. पण तू उभ्या उभ्या निघालास आणि मी तुझ्याबरोबर निघालो. मुंबईत त्यांच्या खोलीत सतरंजीवर माणसं बसली होती. मधूची आठ वर्षांची मुलगी सुनंदाच्या मांडीला टेकून होती. तू चप्पल काढायच्या आत बोललास, "माका पाच दिसांनी कळवतंस? माझी वाट बघूची नाय? माझो भाऊ तो."

सुनंदा म्हणाली, "मी त्याच दिसा फोन केलंय. बापूभावोजींनीच घेतल्यानी."

तू माझ्याकडे वळलास. त्या खोलीत दहाएक माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाय. माका फोन काल इलो. ती दुःखात आसा, तिका आठवता नसात." एवढंच नाही, वर हेही म्हटलं, "तिका बोलू नको, विश्राम." तू म्हणालास, "तू मधी पडू नको." सुनंदा पुन्हा काही बोलणार होती, पण तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. ते बघणं मी तुला शब्दांत सांगू शकत नाही. त्यात राग नव्हता. माणूस ओळख पटवून घेताना बघतो तसं होतं.

त्यानंतर तू तिच्या दारात गेला नाहीस. तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली ती तू खिडकीत ठेवलीस आणि ती तिथेच उन्हाने पिवळी झाली. ती चतुर्थीला कधी आली नाही. गावात तिच्याबद्दल जे बोलतात ते तुला ऐकू आलं असेल, मलाही येत होतं. नवरा मेलेला पाच दिवस लपवला ती बाई. कोणी म्हणे पगारासाठी, कोणी म्हणे माहेरच्या माणसांसाठी. दुकानात उभं राहून बोलायचे आणि मी साखर तोलायचो.

आणि तू माझं काय केलंस? भर सभेत एकदा म्हणालास की वाईट बातमी सांगायला चालत यायला काळीज लागतं, ते आमच्या बापूकडे आहे. कमल गेली तेव्हा वर्षभर रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसलास. बोलायचं सुचलं नाही की खिशातून पुस्तक काढून वाचायचास. मला वाचायची गोडी त्या वर्षी लागली. माझ्याजवळ आज जे काही चांगलं आहे त्यातलं पुष्कळ तुझं आहे, आणि ते सगळं मी खोट्यावर बसून घेतलं.

तू गेल्यावर मी ती वही पुन्हा पुन्हा चाळली. वाटलं, तुला माहीत असेल. म्हणून तू मरण असलेल्या विनोदी पुस्तकाची चिठ्ठी टाकलीस, म्हणून हेच पुस्तक निवडलंस, म्हणून त्या दुपारी मधूचं नाव काढून मला वाट करून दिलीस. तसं असतं तर माझं सोपं होतं. तू कळून सवरून माफ केलंस, असं म्हणून मी निजलो असतो. पण त्या दुपारचा तुझा आवाज मला आठवतो. तो खरंच विचारत होता. तुला माहीत नव्हतं. तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलास.

पुस्तकाचा शेवट तुला सांगतो, पैजेत तेवढं राहिलं आहे. सुट्टीच्या शेवटच्या सकाळी पाचही जण एकाच वेळी माडीवर जातात, प्रत्येकाच्या हातात फराळाची ताटली. दारात एकमेकांना बघतात. मग सून म्हणते, सगळ्यांनी आणलं तर काकांना जास्त होईल. तिथेच जिन्यात बसून ते पाचजण ते सगळं खातात आणि खाता खाता रडतात. चांगलं लिहिलं आहे. तू वहीत काहीतरी वाकडं लिहायला लावलं असतंस. मला वाटलं, ते पाचजण होते, जिन्यात बसायला सोबत होती. आणि त्या काकाला भाऊ नव्हता, म्हणून ते पुस्तक विनोदी राहिलं.

तू गेलास त्या सकाळी मी सगळ्यांना मोबाइलवर कळवलं. चतुर्थी आठ दिवसांवर होती. कोणीतरी विचारलं, जरा थांबलात तर नाही चालणार? मी पुढच्याला कळवलं. यंदा थोरल्या घरात गणपती नाही. समोरच्या वाडीतल्या आरतीच्या झांजा शेतावरून ऐकू येत होत्या, आणि आमच्या ओसरीत नुसता पाट. एकतीस वर्षांपूर्वी असंच असायला हवं होतं. एक वर्ष रिकामा पाट. त्याने काही झालं नसतं. कमलने तेही सहन केलं असतं, तिने त्याहून मोठी दुखणी काढली होती.

नितीनकडून सुनंदाचा नंबर मी काही महिन्यांपूर्वी घेऊन ठेवला होता आणि लावला नव्हता. त्या सकाळी निरोप तिलाही गेला. तिचा लगेच फोन आला. आवाज म्हातारा झाला आहे.

"कधी गेले दादा?"

"आज. सकाळी साडेसाताक कळला."

"आता नऊ वाजले," ती म्हणाली. "लवकर कळवलात." आणि तिने फोन ठेवला.

तुझे दिवस झाल्यावर मी तिला फोन केला आणि सांगितलं की त्या दिवशी तिचा फोन मी घेतला होता. हे वाक्य मी सकाळपासून घोकत होतो. ती म्हणाली, "ता माका म्हायत आसा भावोजी. फोन मीच केल्लंय ना."

  मग म्हणाली, "माका सांगून काय उपयोग? जेंका म्हायत नव्हता ते गेले."

"मगे मी काय करू?"

"तेंकाच सांगा. कसा ता तुमी बघा. आणि गपचूप नको. माझा नाव जितक्या माणसांत गेला, तितक्या माणसांत सांगा."

म्हणून हे. माझा मुलगा म्हणतो, बाबा, एकतीस वर्षांनी कित्याक? लोका काय म्हणतली? म्हणूंदेत. त्यांनी आजवर चुकीच्या माणसाला म्हटलं.

हे लिहून झाल्यावर आज दुपारी तिला फोनवर वाचून दाखवलं. तुला दाखवायचो तसं, आवाज काढून. कंबरेला तेल लावलंस त्या जागी ती थोडी हसली, आणि हसली म्हणून मग रडली असावी, मी थांबलो तर म्हणाली, वाचा. संपल्यावर म्हणाली, "एक लिवलात नाय."

"काय?"

"दुसरो फोन."

विश्राम, मी तो विसरलो नव्हतो. लिहिताना त्या जागेपाशी आलो आणि पुढे गेलो. एवढं सगळं कबूल केल्यावर एक ठेवलं तर चालेल असं वाटलं असेल. एकतीस वर्षं दाबायची सवय, ती कागदावरही सुटत नाही. तिने सांगितलं नसतं तर तू हे अर्धंच ऐकलं असतंस.

चतुर्थीच्या सकाळी कंबर धरून मी कापूर आणायला दुकानात गेलो होतो, चावी माझ्याकडे होती. फोन वाजला. तिने विचारलं, "दादा निघाले ना? आजून इले नाय." पलीकडे माणसांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "तो काल सांजच्या गाडीन गेलो. गाडी खंयतरी अडाकली असतली. येतलो." आणि कापूर घेऊन मी घरी आलो, आणि तू पूजेला बसलास.

त्यांनी मधूला दुपारी तीनपर्यंत ठेवलं. जिन्यात पावलं वाजली की सुनंदा उठायची. माणसं म्हणत होती, आता उशीर नको, आणि ती म्हणत होती, दादा येतत, गाडी अडाकली आसा, थोडा थांबा. मग त्याच्या कचेरीतल्या एका माणसाने अग्नी दिला.

माझी वाट बघायची नाही का, असं तू तिला विचारलं होतंस. बघितली होती, विश्राम. तीन वाजेपर्यंत.